खुर्ची कुणाची? कोनन, लेनो आणि सात महिन्यांचा ‘टुनाइट शो’

आजच्या भागात आपण जरा अमेरिकेतल्या टीव्हीच्या इतिहासात डोकावणार आहोत. गोष्ट एका खुर्चीची आहे, पण खरं तर ती प्रेक्षकांची आहे.

१८ जानेवारी २०१०. लॉस एंजेलिसमध्ये पाऊस पडतोय, आणि युनिव्हर्सल स्टुडिओबाहेर शेकडो लोक भिजत उभे आहेत. हातात फलक, त्यावर केशरी केसांचा उंच कोंबडा काढलेला एक माणूस आणि खाली ‘आय एम विथ कोको’, म्हणजे आपण कोकोच्या बाजूचे. कोको म्हणजे कोनन ओब्रायन, ‘द टुनाइट शो’चा होस्ट. बरोबर चार दिवसांनी त्याचा शेवटचा एपिसोड झाला. ज्याच्यासाठी लोक पावसात उभे राहतात, त्याचं काम सात महिन्यांत जातं कसं?

हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

‘टुनाइट’ एनबीसीवर सुरू झाला २७ सप्टेंबर १९५४ ला, स्टीव्ह ॲलनच्या हाताखाली. वेळ रात्रीची. पुढे जी व्यवस्था रूढ झाली ती अशी: आधी लोकल स्टेशनच्या बातम्या, त्या संपल्या की हा शो. लोक अंथरुणात पडून बघायचे. त्यामुळे होस्ट हा दिवसाच्या शेवटी दिसणारा घरचाच माणूस होऊन बसतो. तो किती विनोदी आहे यापेक्षा तो किती अंगवळणी पडलाय, याला जास्त किंमत असते.

आणि इथेच नव्या होस्टचं घोडं पेंड खातं.

ॲलन १९५७ च्या जानेवारीत गेला. चॅनेलने शोचा साचाच बदलला, वेगवेगळ्या शहरांतून बातमीवजा कार्यक्रम दाखवायला सुरुवात केली. लोकांनी सपशेल पाठ फिरवली. सहा महिन्यांत तो गुंडाळून २९ जुलैला जॅक पारला आणावं लागलं, तेव्हा गाडी रुळावर आली. पार १९६२ च्या मार्चमध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी यायचा होता जॉनी कार्सन, पण तो दुसऱ्या चॅनेलच्या करारात अडकलेला. मग सहा महिने पाहुण्या होस्टवर शो चालला आणि कार्सन आला १ ऑक्टोबरला. मला वाटतं, ही अडचणच त्याच्या पथ्यावर पडली. एवढ्या महिन्यांत पारची सवय थोडी सुटली होती. कार्सनची तुलना लोक कालच्या माणसाशी करत नव्हते.

कार्सन त्या खुर्चीत तीस वर्षं बसला. तीस वर्षं, मंडळी! २२ मे १९९२ ला त्याचा शेवटचा एपिसोड जवळपास पाच कोटी लोकांनी पाहिला. आणि २५ मे ला, फक्त तीन दिवसांनी, त्याच जागी जे लेनो उभा. पहिल्या एपिसोडमध्ये त्याने कार्सनचं नावसुद्धा घेतलं नाही. त्याची निर्माती हेलन कुश्निक हिचा तसा आग्रह होता. लोकांना ते चांगलंच खटकलं आणि लेनोने पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. घरातलं कुणीतरी गेलंय आणि नवा माणूस त्याचं नावही काढत नाही, असं झालं ते.

शिवाय अनेकांच्या मते खरा वारस होता डेव्हिड लेटरमन. तो ऑगस्ट १९९३ मध्ये सीबीएसवर गेला, लेनोच्याच वेळेला समोर उभा राहिला आणि सुरुवातीला पुढेही गेला. १९९४ मध्ये खुद्द कार्सन लेटरमनच्या शोमध्ये येऊन त्याच्या खुर्चीत बसला. लेनोच्या शोमध्ये तो कधीच गेला नाही. इतकं सगळं विरोधात असून लेनो टिकला. जुलै १९९५ मध्ये ह्यू ग्रँट अटकेच्या प्रकरणानंतर त्याच्याकडे मुलाखतीला आला, त्या रात्री पारडं फिरलं आणि नंतर बहुतेक वर्षं लेनोच पहिला राहिला. पण हिशेब बघा: खुर्चीत बसल्यापासून तोपर्यंत तीन वर्षं गेली होती.

आता कोनन. लेटरमन गेल्यावर त्याच्या मध्यरात्रीनंतरच्या ‘लेट नाइट’ शोवर सप्टेंबर १९९३ मध्ये हा आला. ‘द सिम्पसन्स’चा लेखक, पडद्यावर कुणी न पाहिलेला. समीक्षक तुटून पडले. वॉशिंग्टन पोस्टच्या टॉम शेल्सने तर अगदी सालटी काढली. चॅनेल त्याला तेरा-तेरा आठवड्यांची मुदतवाढ देत होतं, म्हणजे डोक्यावर कायम टांगती तलवार. पण तो सुधारत गेला, कॉलेजातली पोरं त्याला बघायला लागली आणि १९९६ मध्ये त्याच शेल्सने आपलं मत बदलल्याचं छापून सांगितलं. इथेही तीनच वर्षं!

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, म्हणून माझ्या धंद्यातलं एक सांगतो. ॲपची स्क्रीन बदलली की पहिल्या आठवड्यात तक्रारींचा पाऊस पडतो. त्यातल्या निम्म्या तक्रारी नव्या स्क्रीनच्या नसतातच, बोट ज्या जागी जायचं तिथे बटण सापडत नाही याच्या असतात. नव्या होस्टवरची पहिली प्रतिक्रिया बरीचशी अशीच असते. ती खरी असते, पण ती गेलेल्या माणसाबद्दल असते.

२००४ मध्ये एनबीसीला भीती वाटली की कोनन दुसरीकडे जाईल. म्हणून त्यांनी तेव्हाच जाहीर केलं: पाच वर्षांनी, २००९ मध्ये, ‘टुनाइट’ कोननचा. पाच वर्षं सरली तरी लेनो पहिल्या नंबरवरच होता. आता तो दुसऱ्या चॅनेलवर गेला तर? मग एनबीसीने दोन्ही डगरींवर हात ठेवला. कोनन १ जून २००९ पासून ‘टुनाइट’वर, आणि लेनोला सप्टेंबरपासून रोज रात्री दहाचा नवा शो. महागड्या मालिकांपेक्षा हे स्वस्तही पडणार होतं.

म्हणजे जुना होस्ट गेलाच नाही! तो रोज नव्या होस्टच्या आधी, त्याच चॅनेलवर. ज्यांना लेनोची सवय होती त्यांना ती सोडायचं कारणच उरलं नाही. दहाचा शो आपटला, तशा लोकल स्टेशनच्या अकराच्या बातम्या पडल्या, आणि त्यांच्या मागून येणारा ‘टुनाइट’ही घसरला. एकूण प्रेक्षकांत लेटरमन कोननच्या पुढे गेला. स्टेशनवाले खवळले. जानेवारी २०१० मध्ये चॅनेलने तोडगा काढला: लेनोला ११:३५ ला अर्धा तास, कोनन १२:०५ ला.

१२ जानेवारीला कोननने पत्रक काढून नकार दिला. त्याचं म्हणणं सोपं होतं. मध्यरात्र उलटल्यावर लागणारा ‘टुनाइट शो’ हा ‘टुनाइट शो’ राहत नाही, आणि ज्या शोचा आपण आयुष्यभर आदर केला त्याच्या नुकसानीत आपण सामील होणार नाही.

आणि इंटरनेट पेटलं. माइक मिचेल नावाच्या चित्रकाराने ते केशरी कोंबड्याचं चित्र काढलं, फेसबुकवर लाखो लोक जमले, शेवटच्या दोन आठवड्यांत आकडे उसळले. शेवटचा एपिसोड एक कोटीहून जास्त लोकांनी पाहिला. पण तोवर उशीर झाला होता. सुमारे साडेचार कोटी डॉलरची तडजोड झाली, त्यातले सुमारे सव्वा कोटी त्याच्या कर्मचाऱ्यांना गेले, बाकीचे कोननला. यातली बरीच मंडळी न्यूयॉर्कमधलं बिऱ्हाड उचलून त्याच्यासाठी लॉस एंजेलिसला आली होती, हे विसरू नका. १ मार्चला लेनो परत खुर्चीत.

मग ते लाखो लोक आधी कुठे होते? माझं उत्तर असं: ते कोननला बघतच होते, पण रात्री ११:३५ ला टीव्हीसमोर बसून नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर, क्लिपमधून. नील्सनचे आकडे निवडक घरांतल्या टीव्हीवरून निघायचे, जाहिरातीचा पैसा त्या आकड्यांवर ठरायचा, आणि हे प्रेक्षक त्यात जवळपास नव्हतेच. उलट लेनोचे प्रेक्षक फलक घेऊन पावसात उभे राहिले नाहीत, फेसबुकवर भांडले नाहीत. ते फक्त रोज टीव्ही लावायचे. त्यांनाही आपला माणूस हवा होता, आणि त्यांना खोटं ठरवायचा आपल्याला काही हक्क नाही. एक बाजू ऐकू येत होती, दुसरी मोजली जात होती.

म्हणून मला लेनो खलनायक आणि कोनन हुतात्मा, ही सोपी मांडणी पटत नाही. चूक वेळेच्या हिशेबात होती. लेनोला तीन वर्षं मिळाली, ‘लेट नाइट’वर कोननलाही मिळाली. ‘टुनाइट’वर सात महिने, आणि तेही जुना होस्ट शेजारच्याच खोलीत असताना.

शेवटच्या भागात कोननने प्रेक्षकांना विनंती केली की कडवट होऊ नका. त्याच वर्षी त्याचे चाहते तिकिटं काढून त्याच्या दौऱ्याला गेले, नोव्हेंबरमध्ये टीबीएसवर त्याचा नवा शो आला, आणि २०१८ मध्ये त्याने पॉडकास्ट सुरू केला. तिथे ११:३५ ची भानगडच नाही, ज्याला जेव्हा हवं तेव्हा त्याने ऐकावं. जे प्रेक्षक २००९ मध्ये मोजलेच गेले नव्हते, त्यांच्या सवयीपर्यंत शेवटी तोच चालत गेला.

तर पुढच्या वेळी एखाद्या आवडत्या कार्यक्रमात नवा चेहरा दिसला आणि हात रिमोटकडे गेला, तर स्वतःला एवढंच विचारा: हा माणूस नको आहे, की तो माणूस हवा आहे? दोन्हींत फरक आहे. भेटू पुढच्या भागात!