रात्रींची धांवपळ

दुखणें बरें होणार नाहीं हें रोग्याला, त्याच्या माणसांना आणि डॉक्टरांना ठाऊक आहे. शेवटचे दिवस घरींच काढावयाचे हेंहि ठरलेलें आहे. पण मध्यरात्रीं धाप लागते, वेदना आवरत नाहीं, आणि घाबरलेलीं माणसें त्याला उचलून इस्पितळाच्या अपघातविभागांत नेतात. तेथील दिव्यांच्या झगझगाटांत अनोळखी डॉक्टर नाडी पाहतो, नळ्या घालतो. त्याचा दोष नाहीं; त्याची विद्या प्राण वांचविण्याची आहे.

मौज अशी कीं, ज्या दोन संस्थांची येथें गांठ पडते त्या एकाच दशकांत आकाराला आल्या, आणि एकमेकींकडे पाठ करून वाढल्या. इंग्लंडांत १९६२ सालीं सर हॅरी प्लॅट यांच्या समितीनें ‘कॅज्युअल्टी’ हें जुनें नांव टाकून ‘अपघात व तातडीचा विभाग’ असें नांव सुचविलें. हेतु हा कीं, कोणीहि सहज यावें अशी ती जागा न राहतां गंभीर इजा झालेल्यांची व्हावी. मंद पावलांनीं येणाऱ्या मरणासाठीं ती व्यवस्थाच नव्हती.

पांच वर्षांनीं, १९६७ सालीं, लंडनच्या सिडनहॅम भागांत डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनीं सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलें. या बाई आधीं परिचारिका, मग इस्पितळांतील समाजसेविका, आणि १९५७ सालीं डॉक्टर झालेल्या. वॉर्साहून आलेला डेव्हिड तास्मा नांवाचा यहुदी निर्वासित १९४८ सालीं मरतांना, त्यांच्या भावी वास्तूंतील एका खिडकीसाठीं म्हणून, ५०० पौंड ठेवून गेला होता. त्या वास्तूला एकोणीस वर्षें लागलीं. बाईंचा आग्रह साधा होता. वेदना उठल्यावर औषध द्यावयाचें नाहीं. ती उठूंच नये म्हणून मॉर्फिन घड्याळाकडे पाहून द्यावयाचें. रात्रींच्या धांवपळीचें एक मोठें मूळ येथेंच आहे. दिवसा चुकलेलें औषध रात्रीं दोन वाजतां आपला हिशेब मागतें.

खाटा अवघ्या ५४. दोन वर्षांनीं, १९६९ सालीं, तेथील परिचारिका घरोघर जाऊं लागल्या, आणि खरें महत्त्व या पावलाला आहे. पुढें काय होईल हें घरच्यांना आधीं सांगितलेलें असलें, औषध उशाशीं असलें, ओळखीच्या माणसाला अपरात्रीं विचारतां आलें, तर गाडी बोलावण्याची वेळ पुष्कळदां येत नाहीं. अमेरिकेंत तर या दोन विद्यांची सोयरीक व्हावयास २००६ साल उजाडलें. त्या वर्षीं हॉस्पिस व उपशामक वैद्यक ही उपशाखा मान्य झाली आणि तिच्या पुरस्कर्त्या मंडळांत तातडीच्या वैद्यकाचें मंडळहि होतें.

हिंदुस्थानांत अडचण निराळी होती. मुंबईस वांद्रें येथें १९८६ सालीं कर्करोगाचे शस्त्रवैद्य डॉ. डिसूझा यांनीं शांति अवेदना सदन काढलें. पण आदल्याच वर्षींच्या अमली पदार्थांच्या कायद्यानें मॉर्फिन मिळविणें इतकें जिकिरीचें केलें कीं, पुष्कळ इस्पितळांनीं तें ठेवण्याचें सोडून दिलें. ज्या घरांत औषधच पोंचत नाहीं त्याला अपघातविभागाखेरीज दुसरें दार कोठलें? कालिकत येथें १९९३ पासून डॉ. राजगोपाल व डॉ. सुरेशकुमार यांनीं काम आरंभिलें. पुढें केरळांत शेजारपाजारचे स्वयंसेवकच रोग्यांच्या घरीं जाऊं लागले. कायद्याची गांठ मात्र २०१४ सालीं सैल झाली. तोंवर एकोणतीस वर्षें लोटलीं होतीं.