नाव नसलेला ताप

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी विचारलं, "तू हॉस्पिटलात असतेस म्हणे. डॉक्टर की नर्स?" मी म्हटलं, "दोन्ही नाही, काकू. मी मेडिकल कोडर. पेशंट घरी गेला की त्याची फाइल माझ्याकडे येते. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड द्यायचा." "म्हणजे कारकुनीच की गं!" काकू हसल्या. मीही हसले. परतताना गाडीत मात्र मला कधीही न पाहिलेली आजी आठवली.

बाबांची आई १९४३ साली, आत्याच्या जन्मानंतर नवव्या दिवशी गेली. थंडी वाजून ताप भरला, ती बरळू लागली आणि दोन दिवसांत सारं संपलं. "बाळंतरोगाने गेली," एवढंच घरात सांगत. आत्याला मात्र जन्मभर "पांढऱ्या पायाची" हे ऐकावं लागलं. ब्रिटिश अमदानीत मृत्यूच्या नोंदींना कॉलरा, देवी, प्लेग असे मोजकेच रकाने असत. ज्याचं नेमकं नाव सांगता येत नसे, ते बहुतेक 'ताप' या रकान्यात जाई. आजीची नोंद झाली असेल, तर तीही तिथेच.

जंतुसंसर्गाला शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागतात, त्याला आज आपण सेप्सिस म्हणतो. या आजाराला नेमकं नाव मिळायला शतकं लागली. १६६२ साली जॉन ग्राँट या लंडनच्या व्यापाऱ्याने शहराच्या मृत्यूपत्रकांचा अभ्यास करून पुस्तक लिहिलं. मृत्यूचं कारण सांगायला तेव्हा वयस्कर बायका घरोघर जाऊन प्रेत पाहत. पेलाभर बिअर आणि थोडी चिरीमिरी मिळाली की त्या लाजिरवाणा रोग लपवून दुसराच सांगत, असं ग्राँटनेच नोंदवलं आहे! पुढे १८३९ साली विल्यम फार या इंग्लंडच्या आकडेतज्ज्ञाने तक्रार केली, की एकाच रोगाला तीन-चार नावं आहेत आणि एकच नाव अनेक रोगांना लावतात.

नोंदींची खरी ताकद दिसली ती व्हिएन्नात. तिथल्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात ४०१० बाळंतपणांत ४५९ बायका दगावल्या, तर दुसऱ्यात ३७५४ मध्ये १०५. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला हे आकडे झोपू देईनात. १८४७ मध्ये त्याचा मित्र कोलेश्का शवविच्छेदनात बोटाला सुरी लागून वारला. त्याचा शवविच्छेदन अहवाल वाचताना सेमेलवाइसला दिसलं, की हे तर बाळंतिणींच्या शरीरात सापडतं तेच! विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतीकक्षात येत होते. त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागात ३५५६ बाळंतपणांत फक्त ४५ मृत्यू झाले. जंतूंमुळे रोग होतात हे अजून सिद्ध व्हायचं होतं. तोवर बायका वाचवल्या त्या दोन वह्यांतल्या आकड्यांनी आणि एका अहवालाने.

सगळ्या देशांना एकच यादी असावी म्हणून पॅरिसच्या जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत मृत्यूकारणांचं वर्गीकरण मांडलं. १९४८ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आलं आणि त्यात केवळ मृत्यूच नव्हे, तर आजारही मोजले जाऊ लागले. इथे अमेरिकेत १९८३ पासून मेडिकेअरचे पैसेही निदानाच्या गटाप्रमाणे मिळू लागले. २००८ च्या ऑक्टोबरपासून रुग्णालयातच शिरेतल्या नळीमुळे संसर्ग झाला, तर मेडिकेअरने त्याचे जादा पैसे देणं बंद केलं. आम्ही आज वापरतो ती दहावी आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे.

काही वर्षांपूर्वी एका आजींची फाइल माझ्याकडे आली. त्यावर निदान होतं 'युरोसेप्सिस'. हा शब्द कुणी लघवीच्या साध्या संसर्गासाठी वापरतं, कुणी तो रक्तात पसरला तर. आमच्या पुस्तकात त्याला कोडच नाही. रक्ताच्या तपासणीत ई. कोलाय जंतू सापडले होते, रक्तदाब कोसळला होता. पण निदान करायचा अधिकार कोडरला नाही, आणि डॉक्टरांना अमुकच लिहा असंही सुचवायचं नाही. मी प्रश्न पाठवला. "हे उघड नाही का?" असं वैतागलेलं उत्तर आलं. मी पुन्हा विचारलं. शेवटी त्यांनी लिहिलं: ई. कोलायमुळे सेप्सिस, सोबत सेप्टिक शॉक. मग ए ४१.५१ आणि आर ६५.२१ हे कोड लागले. नाहीतर एन ३९.०, म्हणजे लघवीचा साधा संसर्ग, एवढंच नोंदीत उरलं असतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सेप्सिस लिहिलं की बिल वाढतं, म्हणून तो नसताना लिहिण्याचा मोहही होतो. तेव्हाही प्रश्न विचारायचाच. खोटी नोंद दोन्हीकडून खोटीच.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी मी पुण्याला आत्याला फोन केला. व्हिएन्नाची सगळी गोष्ट सांगितली. म्हटलं, "आत्या, कोडर म्हणून मला निदान करता येत नाही. पण नात म्हणून सांगते, आजीला बहुधा तोच आजार झाला असावा. रक्तात गेलेले जंतू. तान्ह्या बाळाचा त्यात काय दोष?"

पलीकडे बराच वेळ शांतता. ऐंशी उलटलेली माझी आत्या मग हळूच म्हणाली, "नाव काय म्हणालीस त्याचं? लिहून पाठव."

मी लिहून पाठवलं: प्रसूतीनंतरचा सेप्सिस, ओ ८५.