सुरक्षा परिषदेची कार्यपद्धती

सुरक्षा परिषदेची कार्यपद्धती : संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत बैठका, मसुदे आणि निर्णय ज्या रीतींनी पार पडतात त्या रीती व त्या सुधारण्याचे प्रयत्न. परिषदेची सदस्यसंख्या वाढवायची किंवा नकाराधिकार काढायचा तर सनद बदलावी लागते आणि त्याला पाचही स्थायी सदस्यांची संमती लागते. अशी वाढ १९६५ मध्ये एकदाच झाली, ११ वरून १५. कामकाजाची गोष्ट वेगळी आहे. सनदेच्या कलम ३० नुसार परिषद आपले नियम स्वतः करते आणि कार्यपद्धतीच्या प्रश्नावर कोणत्याही नऊ सदस्यांची मते पुरतात. तेथे नकाराधिकार चालत नाही. त्यामुळे या क्षेत्रातली दिरंगाई अधिक खटकते.

१९४६ मध्ये तात्पुरते म्हणून स्वीकारलेले नियम अजून तात्पुरतेच आहेत. त्यांत शेवटची दुरुस्ती १९८२ मध्ये झाली. अध्यक्षपद दरमहा फिरते. चर्चेतील प्रश्नाशी अध्यक्ष देशाचा थेट संबंध असेल, तर खुर्ची सोडायची की नाही हे नियम २० अन्वये त्यानेच ठरवायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणाविषयीचा ठराव रशियाने नकाराधिकाराने रोखला, तेव्हा अध्यक्षपदही रशियाकडेच होते.

शीतयुद्धानंतर खरी घासाघीस बंद दाराआडच्या सल्लामसलतीत होऊ लागली, आणि तिचे इतिवृत्त ठेवले जात नाही. व्हेनेझुएलाचे राजदूत दिएगो आरिया यांनी १९९२ मध्ये बाहेरच्या व्यक्तींचे म्हणणे अनौपचारिकपणे ऐकण्याची प्रथा पाडली, ती त्यांच्या नावाने टिकून आहे. २००६ मध्ये जपानच्या पुढाकाराने सुधारित पद्धतींची एकत्रित टिपणी निघाली. 'टिपणी ५०७' या नावाने ओळखला जाणारा हा दस्तऐवज २०१०, २०१७ व २०२४ मध्ये सुधारण्यात आला, तरी त्याचे पालन सदस्यांच्या इच्छेवरच चालते. बहुतेक मसुदे अमेरिका, ब्रिटन व फ्रान्सच लिहितात. दोन वर्षांसाठी निवडून आलेल्या देशांच्या हाती मसुदा अनेकदा जवळजवळ तयार होऊनच पडतो. स्वित्झर्लंड, सिंगापूर, जॉर्डन, कोस्टा रिका व लिक्टेनस्टाइन या पाच छोट्या देशांनी २०१२ मध्ये आमसभेत सुधारणांचा ठराव मांडला, पण स्थायी सदस्यांच्या विरोधापुढे तो मतदानाआधीच मागे घ्यावा लागला.

भारताला सर्वाधिक झळ बसली ती निर्बंध समित्यांच्या पद्धतीची. येथे परिषदेचे सर्व १५ सदस्य असतात, निर्णय एकमताने होतो आणि एखादा सदस्य कारण जाहीर न करता प्रस्ताव रोखून धरू शकतो. जैश-ए-महंमदचा म्होरक्या मसूद अझहर याचे नाव यादीत घालण्याचा प्रस्ताव चीनने असाच अडवला होता. ते नाव १ मे २०१९ रोजी यादीत आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक मुंबईत, २६/११ चा हल्ला सोसलेल्या ताजमहाल हॉटेलात भरली, तेव्हा भारताने ही तक्रार तेथेही मांडली. प्रस्ताव अडवणाऱ्याने निदान लेखी कारण द्यावे, ही मागणी न्याय्यच आहे. यादीतून नाव काढण्याच्या अर्जांसाठी मात्र २००९ मध्ये स्वतंत्र लोकपाल नेमण्याचे ठरले, तेही फक्त अल-कायदासंबंधीच्या यादीपुरते.

अलीकडचा महत्त्वाचा बदल परिषदेबाहेरून आला. लिक्टेनस्टाइनच्या पुढाकाराने आमसभेने २६ एप्रिल २०२२ रोजी ठरवले, की नकाराधिकार वापरला गेल्यास कामकाजाच्या दहा दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा व्हावी. अशी पहिली चर्चा त्याच वर्षी जूनमध्ये झाली आणि उत्तर कोरियाविषयीचा ठराव रोखणाऱ्या चीन व रशियाने तेथे आपली कारणे सांगितली.