२९ फेब्रुवारी १९९६ : स्वारगेटच्या मैदानातील एक पदच्युती

जगज्जेता हरतो तेव्हा पाहणाऱ्याचे नेमके काय हरवते, हा प्रश्न क्रीडासमीक्षेइतकाच साहित्यसमीक्षेचाही आहे, असे आम्हांस वाटत आले आहे. शोकांतिका शिकवताना आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो, की थोर नायकाचे पतन पाहताना प्रेक्षकाच्या मनात करुणा आणि भय उत्पन्न होते. विद्यार्थी ते निमूटपणे उतरवून घेतात. वास्तविक असे एक पतन आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्या वेळी आमच्या मनात करुणाही नव्हती, भयही नव्हते. आम्ही शिट्ट्या वाजवत होतो.

स्थळ स्वारगेटचे नेहरू स्टेडियम. विश्वचषकातील वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया हा सामना. वार गुरुवार, म्हणजे कॉलेजचा दिवस. आम्ही पहिल्या वर्षाला होतो आणि तास बुडवून गेलो होतो, हे आज प्राध्यापक म्हणून कबूल करायला हरकत नाही. केनियाला पाहायला कोणीच आले नव्हते. सगळे लाराला पाहायला आले होते. त्याच्या ३७५ आणि नाबाद ५०१ या १९९४ मधल्या दोन खेळी तेव्हा पोरासोरांच्याही तोंडी होत्या.

काटेकोर वाचक इथे हरकत घेईल, की त्या दिवशी वेस्ट इंडीज जगज्जेते होतेच कुठे? हरकत रास्त आहे. १९७५ आणि १९७९ चे विश्वचषक त्यांनी जिंकले आणि तो मुकुट २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर कपिलदेवच्या संघाने हिरावून घेतला. पण मुकुट गेला म्हणून राज्य गेले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ते भारतात आले आणि कसोटी मालिका ३-० अशी, एकदिवसीय मालिका ५-० अशी जिंकून गेले. कानपूरला मार्शलच्या चेंडूने गावसकरांच्या हातातली बॅटच उडवली होती. १९८० नंतर पंधरा वर्षे त्यांनी एकही कसोटी मालिका गमावली नाही. ती गमावली १९९५ च्या मे महिन्यात, ऑस्ट्रेलियाकडून, स्वतःच्या घरी. स्वारगेटला आले ते सिंहासन सुटून जेमतेम दहा महिने झालेले सम्राट होते.

आणि या सम्राटांशी मराठी माणसाचे नाते साधे नव्हते. १९७१ साली वाडेकरांचा संघ तिथे जाऊन जिंकला, गावसकरांनी पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा काढल्या. गावसकरांच्या मुलाचे नाव रोहन, ते रोहन कन्हाय याच्यावरून. आमच्या आधीच्या पिढीने रेडिओला कान लावून या लोकांची धास्ती घेतली आणि त्यांच्यावर प्रेमही केले. शत्रूविषयी असे प्रेम वाटायला तो शत्रू आपल्याहून मोठा असावा लागतो.

सामन्याची हकीकत थोडक्यात अशी. रिचर्डसनने नाणेफेक जिंकून केनियाला फलंदाजी दिली. केनिया सर्वबाद १६६, आणि त्यात सर्वाधिक वाटा अवांतर धावांचा, ३७. खालोखाल स्टीव्ह टिकोलो, २९. उपाहारात आमच्या शेजारचे एक गृहस्थ घरून आणलेली पोळीभाजी सोडत म्हणाले, "चला, चारपर्यंत घरी." घरी ते लवकर गेले खरे, पण वेगळ्या कारणाने. रजब अलीने रिचर्डसनचा त्रिफळा उडवला. मग त्याच्याच चेंडूवर लाराच्या बॅटची कड लागली आणि झेल यष्टीरक्षक तारिक इक्बालच्या हाती विसावला. लारा ८. डावात दुहेरी आकडा दोघांनीच गाठला, चंदरपॉल १९ आणि हार्पर १७. कर्णधार मॉरिस ओडुंबेने दहा षटकांत १५ धावांत ३ बळी घेतले. वेस्ट इंडीज सर्वबाद ९३, पराभव ७३ धावांनी. केनियाचा हा आयुष्यातला चौथा एकदिवसीय सामना होता.

लारा बाद झाला तेव्हाचा आवाज आम्हांला अजून आठवतो. आधी एक हळहळ उमटली, कारण पैसे त्याच्यासाठी मोजले होते. ती दोन-तीन मिनिटे टिकली असेल. त्यानंतर मात्र स्टेडियमने पक्ष बदलला. चुडासमा, मोदी ही नावे आपल्याच गल्लीतली असल्यासारखी ओरडली जाऊ लागली. बाहेर पडताना सर्वत्र एकच वाक्प्रचार ऐकू येत होता : "माज उतरला." आम्हीही तो म्हटला. कोणाचा माज, कोणता माज, हे कोणी विचारले नाही. वॉल्श आणि अँब्रोज खाली मान घालून चालले होते. त्यांत माज कुठेही नव्हता.

दोनच आठवड्यांनी, १३ मार्चला, ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारत १ बाद ९८ वरून ८ बाद १२० झाला. बाटल्या मैदानात आल्या, प्रेक्षागृहात जाळपोळ झाली, कांबळी रडत परतला. सामना श्रीलंकेला बहाल करणारे सामनाधिकारी होते क्लाइव्ह लॉइड, ज्यांच्या हातातून १९८३ चा चषक गेला तेच. दूरचित्रवाणीवर त्यांचा संयत चेहरा पाहताना आम्हांला स्वारगेटची दुपार आठवायला हवी होती. आठवली नाही.

परक्याचे पतन आणि आपल्याचे पतन यांसाठी भाषा वेगवेगळे शब्द राखून ठेवते, हे आमच्या ध्यानात आले ते फार पुढे, २०१३ साली. चेन्नईत, स्वतःच्या शहरात, विश्वनाथन आनंद बावीस वर्षांच्या कार्लसनकडून साडेसहा विरुद्ध साडेतीन असा हरला आणि २००७ पासून राखलेले जगज्जेतेपद गेले. बुद्धिबळात फेकायला बाटल्या नसतात. आमच्या स्टाफरूममध्ये ज्यांना उंटाची चाल माहीत नव्हती तेही गप्प बसले होते. एक ज्येष्ठ सहकारी हळूच म्हणाले, "थकला हो तो." घरातल्या वडीलधाऱ्याविषयी बोलावे तसा तो स्वर होता. आनंदला आम्ही "थकला" म्हटले. रिचर्डसनही १९९६ मध्ये थकलेलाच होता; केनियाकडून हरल्यावर त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याला मात्र आम्ही "माज उतरला" म्हटले होते.

त्या निवृत्तीपूर्वी जे घडले ते पुणेकरांच्या आठवणीत सहसा नसते. स्वारगेटनंतर चारच दिवसांनी जयपूरला रिचर्डसनने नाबाद ९३ धावा काढून ऑस्ट्रेलियाला हरवले. उपांत्यपूर्व सामन्यात लाराच्या १११ धावांवर दक्षिण आफ्रिका गारद झाली. मोहालीचा उपांत्य सामना ते अवघ्या ५ धावांनी हरले. पदच्युत राजाने इतके लढावे आणि लोकांनी मात्र त्याची ९३ ही धावसंख्याच लक्षात ठेवावी, हा आमच्या मते अन्याय आहे. केनियाचेही पुढे सरळ झाले नाही. २००३ च्या विश्वचषकात तो संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, २००४ मध्ये ओडुंबेवर सट्टेबाजांशी संबंध ठेवल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आली आणि २०१४ मध्ये एकदिवसीय दर्जाही गेला. नेहरू स्टेडियमवरचा शेवटचा आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना २००५ चा. मोठे क्रिकेट पुढे गहुंज्याला गेले.

२०२३ मध्ये गहुंज्याला विश्वचषकाचे पाच सामने झाले. वेस्ट इंडीज त्यांत नव्हते. त्या स्पर्धेतच नव्हते. त्या वर्षी १ जुलैला हरारे येथे स्कॉटलंडकडून हरून ते इतिहासात प्रथमच विश्वचषकाबाहेर राहिले. आम्ही ही बातमी स्वारगेटच्या बसथांब्यावर मोबाइलवर वाचली. १९९६ साली सोबत तास बुडवलेल्या मित्राला ती लगेच पाठवली. त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले : "अरेरे." आम्ही त्याला विचारले, की त्या दिवशी आपण शिट्ट्या वाजवल्या होत्या, हे तुला आठवते का. त्याला लाराचा झेल आठवत होता. शिट्ट्या आठवत नव्हत्या.