झिंकच्या गोळीची कुळकथा

बाळाला जुलाब लागले की आशाताई ओआरएसच्या पुड्यांबरोबर झिंकच्या गोळ्याही देतात. वीस मिलिग्रॅमची गोळी, चमचाभर स्वच्छ पाण्यात किंवा आईच्या दुधात लगेच विरघळणारी. हिचं मूळ सापडतं इराणमधल्या शिराझ शहरात.

१९५८ साली मूळ बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद तिथे काम करत होते. त्यांच्यापुढे एक रुग्ण आला. वय २१, पण दिसायला जेमतेम दहा वर्षांचा. मिसरूड फुटलेलं नाही, अंगात रक्त नाही, यकृत आणि प्लीहा वाढलेली. खाणं म्हणजे मुख्यतः बिनखमिराची रोटी. शिवाय माती खायची सवय. रक्त कमी होतं ते लोहाअभावी, हे उघड होतं. पण लोहाअभावी वयात येणं असं खुंटत नाही. जस्त, म्हणजेच झिंक, मिळालं नाही तर उंदीर वाढत नाहीत, हे १९३४ मध्येच दिसलं होतं. माणसालाही ते कमी पडू शकतं, हे मात्र कुणी मानत नव्हतं. प्रसादांनी १९६१ मध्ये ती शंका लिहून मांडली. पुढे इजिप्तमध्ये अशाच खुरटलेल्या मुलांना जस्त दिलं, तेव्हा वर्षभरात उंची पाच-सहा इंच वाढली आणि मुलं वयात आली.

अडसर होता धान्यातल्या फायटेटचा. ते जस्ताला धरून ठेवतं, आतड्यात शोषू देत नाही. पीठ आंबवलं, कडधान्याला मोड आणले की ते कमी होतं.

शेकडो विकरं जस्तावाचून चालत नाहीत. जस्त निरोपही पोचवतं: २००७ मध्ये जपानी संशोधकांना दिसलं, की प्रतिकारशक्तीच्या मास्ट पेशी चेतवल्या की काही मिनिटांत त्यांच्यात मोकळ्या जस्ताची लाट उसळते. म्हणून जस्त घटलं की वाढीबरोबर प्रतिकारशक्तीही ढासळते.

जुलाबात जस्त वाहून जातं आणि शरीरात त्याचा राखीव साठा नसतो. झिंक दिल्यानं मुलांचे जुलाब लवकर आटोक्यात येतात, हे दिल्लीतल्या अभ्यासानं १९९५ मध्ये दाखवलं. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं ओआरएसला झिंकची जोड द्यायला सांगितलं. आपल्याकडे हा डोस १४ दिवसांचा. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी गोळ्या थांबवू नयेत. पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याचा धोका कमी होतो तो पूर्ण डोसामुळेच.