जुन्या गाडीचे इंजिन का तापते?

चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकला, की अनेक जण पाणी ओतून पुढे निघतात. परंतु बंदिस्त यंत्रणेतील कूलंट वारंवार कमी होत असेल, तर ते कोठून तरी बाहेर पडत आहे, हे निश्चित.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा. रंगीत, चिकट डाग पडल्यास होजपाइप, रेडिएटर वा वॉटर पंप गळत असतो. एसीचे पाणी मात्र स्वच्छ असते. गाडी केवळ वाहतुकीत थांबल्यावर तापत असेल, तर आधी पंखा तपासावा. चढावर तापत असेल, तर चोंदलेला रेडिएटर किंवा न उघडणारा थर्मोस्टॅट.

पुठ्ठा कोरडा राहूनही पातळी घटत असेल, तर प्रकरण गंभीर. हेड गॅस्केट फुटल्यास कूलंट सिलिंडरमध्ये शिरते, इंजिन तापल्यानंतरही गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नाही. कधी डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसते. तशीच गाडी रेटल्यास अॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो.

कूलंट फार उतरल्यास सेन्सर कोरडा पडून काटा उलट खालीही येतो. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये. दाबाखालचे आतील पाणी १०० अंशांहूनही अधिक तापलेले असू शकते.