लालबागच्या नाक्यावरचा फुकट चहा

साल 1936. भोंगा होतो, गिरणी सुटते आणि लालबागच्या नाक्याकडे निघालेल्या लोंढ्यात तुम्ही सापडता. शेजारच्या बदलीवाल्याच्या भुवयांवरसुद्धा कापूस बसलाय. रस्त्याकडेला टेबल मांडून चहाच्या प्रचाराचा माणूस उभा आहे. आज चहा फुकट. तो पढवल्यासारखा बोलतो: ताजं पाणी उकळा, किटली आधी गरम करून घ्या, माणशी एक चमचा पत्ती आणि एक किटलीसाठी जादा, मग पाच मिनिटं झाकण उघडू नका.

तुमच्या मागून साताऱ्याकडचे एक मामा म्हणतात, "असला पांचट च्या आमच्यात पावण्याला बी देत न्हाईत." आणि सरळ हॉटेलात शिरतात. तिथे पाणी, दूध, साखर, आलं, पत्ती सगळं एकत्र रटरटतंय. चहाच्या मळेवाल्यांना नेमका हाच प्रकार खुपतो. कमी पत्तीत जास्त कप निघतात ना!

पण हा पाहुणचार आत्ताच का? मंदीत जगाच्या बाजारात चहा कोसळला. 1933 मध्ये हिंदुस्थान, सिलोन आणि डच ईस्ट इंडीज यांनी निर्यातीला कात्री लावायचा करार केला. पहिल्या वर्षी ठरलेल्या कमाल आकड्याच्या 85 टक्केच माल बाहेर जाणार. मग उरलेला कोण पिणार? तुम्ही.

परळच्या दिशेने चालत राहा. हा दामोदर हॉल, सोशल सर्व्हिस लीगचा. लीगचे ना. म. जोशी कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाचे सभासद होते. आयोग मुंबईच्या गिरण्यांत फिरला, तसाच आसामच्या मळ्यांतही. तुमच्या जॉबरची, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाची, चिरीमिरी आणि तिकडच्या पाला खुडणारीची मजुरी 1931 च्या एकाच अहवालात आली. मळ्यांवर मजुरी ठरवणारी यंत्रणा हवी, असं आयोगाने सुचवलं. पुढच्या वर्षीच्या कायद्याने आसामात नेलेल्या मजुराला तीन वर्षांनी मालकाच्या खर्चाने गावी परतायचा हक्क दिला. मजुरीचं मात्र भिजत घोंगडं.

इथवर शेतकरी कुठेच दिसला नाही. चहा म्हणजे साहेबाचा मळा.

आता नव्वद वर्षं पुढे या. नाका तोच, डोक्यावर उड्डाणपूल, हातात कटिंग. देशातल्या चहापैकी निम्म्याहून थोडा जास्त आज लहान बागायतदार पिकवतात. साधारण साडेचार किलो हिरव्या पाल्याचा एक किलो चहा होतो. खुडलेला पाला ढिगात तापतो, लालसर पडतो. त्याच दिवशी कारखाना गाठावा लागतो, म्हणून भावासाठी अडून बसता येत नाही. कोल्हापूरच्या ऊसवाल्याला हे वेगळं सांगायला नको.

उपायही त्याच्या ओळखीचाच: सहकार. निलगिरीत लहान बागायतदारांचे सहकारी चहा कारखाने आहेत आणि 1965 पासून त्यांचा 'इंडकोसर्व्ह' हा संघही. निर्यातीचा माल असेल तर फवारणीचे अवशेष तपासले जातात. औषध कमी मारायची जोखीम शेतकऱ्याचीच. टिकाऊ शेतीचे शिक्के हल्ली पाकिटांवर झळकतात. शिक्क्याशेजारी पाल्याचा दर छापलेलं पाकीट मी तरी पाहिलेलं नाही.

2023 मध्ये निलगिरीतले बडगा समाजाचे चहा शेतकरी आंदोलनाला बसले. मागणी होती पाल्याला किमान भावाची.